फोर्कलिफ्टचे धडे आणि डॉकवरची घाई

दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कारखान्यांच्या आवारात झेंडा लागतो. कामगार रांगेत उभे राहून सुरक्षेची शपथ घेतात, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. त्याच दिवशी संध्याकाळी डिस्पॅचची वेळ झाली की डॉकवर वेगळेच दृश्य दिसते. फोर्कलिफ्टवर डोळ्यांच्या वर जाईल एवढी खोक्यांची चळत असते. समोरचे काही दिसत नाही, म्हणून ऑपरेटर बाजूने मान बाहेर काढून गाडी पुढे नेतो. सीटबेल्ट पाठीमागे अडकवलेला असतो, म्हणजे बझर वाजत नाही. चळत डुलू नये म्हणून एक लोडर खोक्यांना हात लावून सोबत चालतो. त्याच्या पायात चपला असतात.

यातली प्रत्येक गोष्ट ‘करू नये’ म्हणून प्रशिक्षणात शिकवलेली असते. ऑपरेटरला ती माहीत नसते असेही नाही. तरीही ती रोज घडते आणि अपघात झाला की अहवालात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असे लिहून विषय संपतो. भिवंडी, चाकण, तळोजा, उरण या पट्ट्यांत गोदामे वाढत असताना आणि देशात नवी कामगार संहिता लागू झालेली असताना हे कारण पुरेसे आहे का, ते तपासायला हवे.

आधी यंत्र समजून घेऊ. तीन टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन साधारण चार टनांच्या घरात, म्हणजे तीन-चार मोटारींइतके असते. पुढचा भार तोलण्यासाठी मागे जड लोखंड बसवलेले असते. मोटारीची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा असलेला माणूस भिंत व गाडी यांच्यात सापडतो. गाडीला चार चाके दिसत असली तरी ती प्रत्यक्षात तीन बिंदूंवर तोललेली असते: पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य. या त्रिकोणाच्या बाहेर गुरुत्वमध्य गेला की गाडी कलंडते. रिकामी फोर्कलिफ्ट सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे सरकतो. त्यामुळे वेगात वळताना ती भरलेल्या गाडीपेक्षा लवकर आडवी होऊ शकते.

वेगाचेही तसेच. ताशी १० किलोमीटर हा वेग रस्त्यावर काहीच वाटत नाही. पण त्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास तीन मीटर सरकते. डोळ्यांनी माणूस पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. रॅकच्या कोपऱ्यावर अचानक समोर आलेल्या माणसाचे अंतर तीन मीटरपेक्षा कमी असेल, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते.

आता नियम आणि व्यवहार शेजारी ठेवून पाहू. नियम सांगतो, बेल्ट लावा. गाडी कलंडू लागली की माणसाला उडी मारावीशी वाटते. ही उपजत प्रतिक्रिया आहे, पण इथे ती जीवघेणी ठरते. कारण तो ज्या बाजूला उडी मारतो, त्याच बाजूला डोक्यावरचा लोखंडी पिंजरा पडतो आणि छाती किंवा मान त्याखाली सापडते. म्हणून बसून राहायचे, स्टिअरिंग घट्ट धरायचे, पाय रोवायचे आणि कलण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचे, असे शिकवतात. बेल्ट नसेल तर हे जमत नाही. पण प्रशिक्षणात ऑपरेटर दहा-पंधरा मिनिटे गाडीवर बसतो आणि एकदा उतरतो. कामावर त्याला पॅलेट सरळ करायला, चलनावर सही घ्यायला, शटर उघडायला पुन्हा पुन्हा उतरावे लागते. दर वेळी बेल्ट काढणे-लावणे म्हणजे दर वेळी काही सेकंद, आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत असतो.

दुसरा नियम असा की समोरचे दिसत नसेल तर गाडी मागे घेत चालवावी. नियम बरोबर आहे. पण पाळीभर मान आणि कंबर वळवून बसायचे म्हणजे काय होते, ते ऑपरेटरच्या मणक्याला विचारावे. बहुतेक फोर्कलिफ्टना भरीव टायर असतात आणि मोटारीसारखे स्प्रिंग नसतात. फरशीचा प्रत्येक खड्डा आणि डॉकप्लेटचा प्रत्येक धक्का थेट पाठीत जातो. मान-कंबर दुखणारा माणूस मान वळवणे टाळतो. म्हणजे आजचे दुखणे उद्याच्या अपघाताचे कारण बनते आणि हा दुवा कुठल्याही नोंदीत येत नाही.

तिसरा नियम हॉर्नचा. प्रत्येक कोपऱ्यावर हॉर्न द्या, असे शिकवतात. ज्या गोदामात चार गाड्या दिवसभर हॉर्न देतात, तिथे थोड्या दिवसांत कोणालाच तो ऐकू येत नाही. सतत येणाऱ्या आवाजाकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो. त्यात कामगाराचा दोष नाही. तिथे हॉर्नपेक्षा पायी चालणाऱ्यांसाठी कठड्याने वेगळी केलेली वाट उपयोगी पडते. फरशीवर नुसता पिवळा पट्टा मारून भागत नाही. त्या पट्ट्यावर माल रचला जातो आणि माणसे पुन्हा गाडीच्या वाटेत येतात.

थोडक्यात, प्रशिक्षण एकट्या ऑपरेटरला दिले जाते, पण अपघात घडवणारे निर्णय इतरत्रही घेतलेले असतात. ट्रक किती मिनिटांत भरायचा, गल्ली किती रुंद ठेवायची, किती लोडर एका वेळी डॉकवर असतील, फुटलेली फरशी कधी दुरुस्त होईल, यातले काहीही ऑपरेटरच्या हातात नसते. त्याने सगळे नियम पाळले आणि त्याची गाडी उशिरा सुटली, तर बोलणी त्यालाच बसतात. नियम मोडून वेळेत माल भरला तर कोणी काही म्हणत नाही. अशा ठिकाणी नवा मुलगा प्रशिक्षकाकडून एक दिवस शिकतो आणि जुन्या ऑपरेटरकडून रोज शिकतो.

रुग्णालयात या सगळ्याचा शेवट दिसतो. चाकाखाली पाय आलेला लोडर येतो तेव्हा कधी कधी कातडी शाबूत असते. नातेवाईक म्हणतात, ‘हाड मोडलेले नाही, सोडा’. पण फिरत्या चाकाने कातडी आतल्या थरापासून सुटलेली असू शकते. तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत ती काळी पडते. मार लागलेला स्नायू आत सुजतो, पण त्याभोवतीचे आवरण ताणले जात नाही. दाब वाढत जातो, बोटे हलवली तरी असह्य कळ येते आणि काही तासांत शस्त्रक्रियेने हा दाब मोकळा केला नाही तर स्नायू मरतो. मांडी किंवा कंबर बराच वेळ दबून राहिली असेल, तर सुटका झाल्यावर चिरडलेल्या स्नायूतील पोटॅशियम रक्तात येऊन हृदयाची लय बिघडू शकते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून नीट बोलणारा माणूसही धोक्याबाहेर आहे असे समजू नये.

अशा वेळी सोबतच्यांनी काय करावे? आधी गाडी बंद करावी. पाय चाकाखाली असताना घाबरून गाडी पुढे-मागे करू नये, कारण चाक त्याच पायावरून दुसऱ्यांदा जाते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट दाबून धरावे. मालिश किंवा चोळणे अजिबात नको. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. १०८ ला फोन करावा. आणि डॉक्टरांना खरे सांगावे: फोर्कलिफ्टचे चाक गेले, की माल अंगावर पडला, की भिंतीशी चेंगरला, आणि किती वेळ दबून होता.

हे खरे सांगणे अवघड जाते. ठेकेदाराचा माणूस सोबत असतो आणि केसपेपरवर ‘पडून मार’ किंवा ‘गाडी लागली’ एवढेच येते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत कारखान्याच्या आवारातील खास वाहनांवरील व्यक्तींच्या अपघातांसाठी ‘व्ही ८३’ हा स्वतंत्र संकेतांक आहे. पण मोघम लिहिलेल्या केसपेपरवरून अपघात फोर्कलिफ्टचा होता हेच कळत नाही. कामगाराचेही नुकसान होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावरील अपघाताने काम बंद राहिले, तर पहिल्या दिवसापासून वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. मात्र अपघात कामावर झाला हे कागदावर असावे लागते. त्यात कायद्याने कळवायचे ते अपघात, ज्यांत कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही. थोडक्यात वाचलेले प्रसंग, रॅकला बसलेले धक्के, नुसते खरचटलेले पाय कुठेच मोजले जात नाहीत. खरे तर मोठ्या अपघाताची आगाऊ सूचना त्यांतूनच मिळते.

कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचे खास वाहन मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणजे आवारातल्या फोर्कलिफ्टवर बसणारा माणूस खरोखर शिकलेला आहे का, हे पाहण्याची जबाबदारी मालकावर येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने १९४८ च्या कारखाना कायद्यासह १३ कायदे एकत्र केले. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापना तिच्या कक्षेत आल्याने गोदामांनाही सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी लागू होते. गंभीर धोका दिसल्यास तो मालकाला व निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मात्र सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती ५०० कामगारांचे कारखाने, २५० कामगारांचे धोकादायक कारखाने व बांधकामे आणि १०० कामगारांच्या खाणी यांच्यापुरती आहे. साधे गोदाम या यादीत नाही. फोर्कलिफ्ट आणि पायी माणसे सर्वात दाटीने वावरतात, ती जागा नेमकी हीच.

अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या नियमानुसार वर्गातले शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या जागीच मूल्यमापन, असे तिन्ही आवश्यक आहे. दर तीन वर्षांनी ऑपरेटरचे पुन्हा मूल्यमापन होते. अपघात झाला किंवा थोडक्यात टळला, तर ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता पुन्हा शिकवावे लागते. आपल्याकडे कायद्याने सांगेपर्यंत थांबायला हवे असे नाही. गाडीची किल्ली नेमून दिलेल्या ऑपरेटरकडेच राहिली, माल हलत असताना लोडरला डॉकवर येऊ दिले नाही, चळतीची उंची डोळ्यांच्या खाली ठेवली, वेगमर्यादा गाडीतच बसवून घेतली, टळलेला अपघात सांगणाऱ्याला ओरडा बसणार नाही अशी हमी दिली, तर बराच फरक पडेल. डिझेल किंवा गॅसवर चालणारी गाडी बंद जागेत वापरत असतील आणि पाळी संपताना अनेकांचे डोके दुखत असेल, सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घेऊन हवा तपासावी.

या सगळ्याच्या आधी एक साधी मोजणी करता येते. बेल्ट लावून, दिसत नसेल तिथे गाडी मागे घेत, कोपऱ्यावर थांबून, डॉक मोकळा ठेवून एक ट्रक भरायला किती मिनिटे लागतात, हे सुपरवायझरने घड्याळ लावून पाहावे. जो आकडा येईल तीच त्या डॉकची खरी क्षमता. पाळीचे टार्गेट त्याहून जास्त असेल, तर ते भरून काढण्यासाठी रोज कोणता तरी नियम मोडावा लागणार आणि ते ऑपरेटरला पहिल्याच आठवड्यात कळते. पुढच्या ४ मार्चला शपथेसोबत हा आकडाही सूचना फलकावर लावला, तर प्रशिक्षणात शिकवलेले डॉकवर पाळता येईल.