म्हशीचं कॅलेंडर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं कॉलर ताठ करून सांगणारे आम्ही लोकसुद्धा मे महिन्यात गावी जायचं शिताफीनं टाळतो. पारा 44 ला टेकलेला असतो, लाइट गेलेली असते आणि अंगणातल्या बाजेवर झोपायची आपली सवय हिंजवडीच्या एसीनं कधीच मोडलेली असते. यंदा मात्र जावंच लागलं. आईचा फोन आला, “अप्पा म्हैस इकायलेत. तू तरी येऊन सांग.”

आमचं गाव सेलू तालुक्यात, दुधना नदीच्या अंगाला. म्हैस अस्सल मराठवाडी. या जातीला ‘दुधना थडी’ असंही म्हणतात. शिंगं मानेला धरून पार खांद्यापर्यंत मागे गेलेली. दिसायला मॉडेल नाही, पण माझ्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांच्या मेसचं बिल तिच्याच आईनं भरलंय.

“कामून इकायलात?” मी विचारलं.

“आठ म्हैने झाले इऊन. माजावर येईना. दूध आटायलंय. भाकड जनावर किती दिस पोसावं माय?”

भाकड म्हशीला बाजारात गिऱ्हाईक कोण असतं, हे अप्पांनाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. परभणीच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तपासलं, हात धुतले, चहा मागितला. म्हणाले, “पिशवी चांगलीय, अंडाशयही ठीक आहेत. एकतर मुका माज असंल, नाहीतर उन्हाळ्यानं चक्र थांबलंय. दसऱ्यापर्यंत दम धरा.”

मुका माज! म्हणजे आतून सगळं घडतं, पण बाईसाहेब ओरडत नाहीत, अस्वस्थ होत नाहीत, मालकाला पत्ताच लागत नाही. उन्हाळ्यात म्हशींचं हे हमखास होतं. काळं कातडं, घामाच्या ग्रंथी कमी, त्यात चारा वाळलेला. पण डॉक्टरांनी चहा पिता पिता जे सांगितलं, ते ऐकून मी बाजेवर उठून बसले. म्हैस म्हणे रात्र मोजते.

कशी? डोळ्यांच्या पडद्यातून उजेडाची खबर मेंदूतल्या घड्याळाला जाते, तिथून पिनियल नावाच्या बारक्या ग्रंथीला. ही ग्रंथी फक्त अंधारात मेलाटोनिन सोडते. रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ वाहतं. मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो हिशेब वाचते आणि शेजारच्या हायपोथॅलॅमसमध्ये थायरॉइड हार्मोनचा नळ कमीजास्त होतो. त्यावर प्रजननाचं अख्खं खातं चालू किंवा बंद. परभणीत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत छोटा जेमतेम अकराचा. तेवढ्या फरकावर म्हैस ओळखते, आता दिवस लहान व्हायला लागले. मग ऑक्टोबर ते जानेवारीत गाभण राहायचं आणि दहा महिने दहा दिवसांनी, पावसाळ्याच्या शेवटी, हिरवा चारा असताना व्यायचं. आपल्या मॅनेजरला असं प्लॅनिंग जमेल? नाव नको.

गंमत म्हणजे मेलाटोनिन सापडलं तेही गुराढोरांतच. 1958 साली अमेरिकेत आरॉन लर्नर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं ते गाईबैलांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. आणि इटलीत मोझरेलाला उन्हाळ्यात मागणी, म्हणून तिथले गोठेवाले शरद ऋतूत रेडे बाजूला काढतात आणि म्हशींचा हंगामच उलटा फिरवतात. तुमच्या पिझ्झ्यामागे एवढी भानगड आहे, बरं का.

लडाखच्या मार्मोटचं तर याहून भारी. तो सहा-सहा महिने बिळात गारठून पडतो. बिळात ना उजेड ना दिवस, मग वसंत आला हे त्याला सांगतं कोण? अमेरिकेतल्या जमिनीवरच्या खारींवर 1960च्या दशकात प्रयोग झाले. कायम एकसारखी थंडी, रोज बारा तास उजेड. तरी त्या साधारण वर्षागणिक झोपल्या आणि उठल्या. म्हणजे मेंदूत आतच एक कॅलेंडर आहे. बाहेरचा उजेड फक्त त्याचा काटा जुळवतो.

हे ऐकताना मला माझी शिफ्ट आठवत होती. तीन वर्षं रात्री आठ ते पहाटे पाच, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर दोन मॉनिटर. रात्रीचा उजेड माणसाचंही मेलाटोनिन दाबतो. माणूस म्हशीसारखा हंगामी नाही, हे मान्य. पण माझ्या तारखा गेल्या वर्षापासून वाट्टेल तशा हुकतात आणि डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न शिफ्टचाच विचारला होता. मी तेव्हा हसून विषय बदलला होता.

अप्पांना मी एवढंच म्हटलं, “दसऱ्यापर्यंतचा कडबा न् पेंड माझ्याकडं.”

“तुझं पुण्याचं भाडं?”

“बघते की.”

त्यांनी दावं परत खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवसापासून म्हशीवर पत्र्याऐवजी पाचटाचं छप्पर, दुपारी अंगावर पाणी, आणि पहाटे नि रात्री आईची गोठ्यात फेरी. माज बघायचा तर गारव्याच्या वेळीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, रात्री साडेतीनला मी क्लायंटच्या कॉलवर असताना मोबाइल थरथरला. कॉल म्यूट केला. आई कुजबुजत होती, का कोण जाणे. “आगं, ओरडायली! अप्पा डॉक्टरला फोन लावायलेत.”

सकाळी रेतन झालं. आता 21 दिवस उलटून गेलेत, परत माज दिसलेला नाही. गाभण आहे की पुन्हा मुका, हे डॉक्टर तीन महिन्यांनी तपासून सांगतील. मी डे शिफ्टसाठी मेल टाकलाय. त्याचंही उत्तर अजून आलेलं नाही.