रुपया महाग पडतो म्हणून काय झाले?

चांदूर बाजारच्या पेठेत दहा रुपयांचे नाणे पुढे केले असता 'हे इकडे नाही चालत जी' असे शांतपणे सांगणारा दुकानदार, आणि चिल्लर नाही या सबबीवर गिऱ्हाइकाच्या हातावर दोन गोळ्या टेकवणारा दुकानदार, हे बहुधा एकच गृहस्थ असतात. आणि या दोन कृतींत काही विसंगती आहे, असे ना त्यांना वाटते ना गिऱ्हाइकाला.

अशा वातावरणात नाण्यांच्या खर्चाची चर्चा निघाली की लोकांना चटकन पटणारा युक्तिवाद असा की, एक रुपयाचे नाणे पाडावयास सरकारास रुपयाहून अधिक खर्च येतो, सबब ते बंदच करावे. माहितीच्या अधिकारात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे रुपयाला १ रुपया ११ पैसे, दोन रुपयांना १ रुपया २८ पैसे, पाचाला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाला ५ रुपये ५४ पैसे लागत होते. आकडे खरे, निष्कर्ष मात्र उतावीळ. दहाची कागदी नोट तुलनेने फार स्वस्तात छापली जाते. पण भाजीवाल्यांच्या ओल्या हातांतून आणि घामेजल्या खिशांतून फिरताना ती लवकरच चिंधीवत होते, आणि नाणे मात्र वर्षानुवर्षे चालते. खजिन्याचा खरा तोटा निराळ्याच ठिकाणी आहे.

१९९२ साली निघालेले पाच रुपयांचे ते जाडजूड नाणे पाहा, ज्याच्या कडेवर मधोमध एक खाच फिरवलेली असे. वजन ९ ग्रॅम. त्यात तीन भाग तांबे व एक भाग निकेल, म्हणजे पावणेसात ग्रॅम तांबे आणि सव्वादोन ग्रॅम निकेल. मे २००७ मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला ५० हजार डॉलरांच्या वर गेला, तांबे ७ हजारांच्या पुढे होते आणि डॉलर सुमारे ४१ रुपयांना पडत होता. गुणाकार केला तर नाण्यातील निकेलच साडेचार रुपयांचे होते आणि तांबे दोन रुपयांचे. पाच रुपयांच्या नाण्यात साडेसहा रुपयांचा धातू! भंगारवाल्याच्या चुंबकाला जे चिकटत नाही त्याला भाव अधिक, हा हिशेब ज्यास कळतो, त्यास ते नाणे गल्ल्यात ठेवण्याऐवजी मुशीत घालण्याचा मोह होणारच. त्याच वर्षी पाचाचे नाणे पोलादाचे निघाले, हे उचितच झाले. रुपया तर १९९२ पासूनच पोलादाचा आहे. त्यात तांबे नाही की निकेल नाही, आणि तो चुंबकाला खुशाल चिकटतो.

धातूचा खर्च वाचविण्याची ही युक्ती काही आजची नव्हे. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, धातूची टंचाई झाली तेव्हा इंग्रज सरकारने पैशाला मध्येच भोक पाडले. आमच्या वडीलधाऱ्यांनी तो भोकाचा पैसा करदोट्यात ओवला, पण तो नाकारला नाही. मोगल अमदानीत ज्या एलिचपुरास टांकसाळ होती, ते आजचे अचलपूर येथून जवळच; आणि धातूच्या भावाची चिंता तेथील टांकसाळवाल्यांसही चुकली नसणार.

तेव्हा सरकारचे कर्तव्य एवढेच की, नाण्यातील धातूचे मोल त्याच्या दर्शनी मोलाहून सदैव बरेच खाली ठेवावे. २०११ च्या नाणे अधिनियमाने नाणे वितळविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे. तथापि शिक्षेच्या धाकापेक्षा मोहच न ठेवणे अधिक फलदायी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरला प्रश्न आपला. साडेपाच रुपये खर्चून पाडलेले दहाचे नाणे कोणी घेईनासे होऊन बरणीत पडून राहिले, तर तो खर्च पुरता वाया जातो, आणि तो वाया घालविणारे सरकार नव्हे, दुकानदार व गिऱ्हाईक आहेत. दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांचे चलन वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले आहे. चांदूर बाजारच्या व्यापारी मंडळींनी ते आपल्या गल्ल्यावर ठळक अक्षरांत लिहून लावावे आणि गोळ्या लहान मुलांसाठी ठेवाव्यात.