एवढंसं नाक, नाकी नऊ!

रात्रीचे सव्वादोन. लॅपटॉपवर भलताच कॉलम अर्धा लिहून पडलेला (विषय होता ‘घरून काम करण्यातली मजा’, हसू नका!) आणि पाळण्यातून आवाज येतोय... घर्रर्र, घर्रर्र. कुकरची शिट्टी होण्याआधी जी घुसमट चालते ना, तस्सा. आमचे चिरंजीव, वय वर्षे शून्य, महिने अडीच. नाक पूर्ण चोंदलेलं.

खरं सांगू? तोपर्यंत सर्दी हा आजार आहे असं मी मानतच नव्हते. आपण नाही का सर्दीत ऑफिसला जात? दोन रुमाल, एक आल्याचा चहा, मीटिंगमध्ये जरा नाकातून बोलायचं, संपलं. पण हे साहेब दूध प्यायला लागले, दोन घोट घेतले आणि तोंड सोडून जोरात रडले. परत घेतलं, परत तेच. पोटात भूक आहे, समोर दूध आहे, आणि पिता येत नाहीये. ते बघताना माझाच श्वास अडकला.

त्यामागचं कारण नंतर समजलं. पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. तोंडाने श्वास घ्यायची युक्ती त्यांना अजून नीट साधलेली नसते. म्हणून तर ती दूध पिता पिता श्वासही घेऊ शकतात. पण नाक बंद झालं की पिणं आणि श्वास यातलं एकच काहीतरी जमतं. त्यात त्या नाकपुड्या केवढ्या? इवल्याशा. आपल्याला कळणारही नाही एवढी सूज आणि एवढासा शेंबूड आला, तरी सगळा रस्ता बंद. लक्ष्मी रोडवर एक टेम्पो आडवा लागला की कसं होतं, तसं.

बाळाच्या घरात सल्लागारांना मात्र तोटा नसतो. सांगलीहून आलेल्या सासूबाई आवाजाने उठल्याच होत्या. ‘अगं, खोबरेल तेलात कापूर घालून छातीला लाव. आणि कापराची पुरचुंडी पाळण्याला बांध, बघ कसं मोकळं होतं!’ माझ्या आईचा फोनवरून आदल्या संध्याकाळीच फतवा निघाला होता, ‘वेखंड उगाळून टाळूला लाव.’ मालीशवाल्या मावशी तर सकाळीच म्हणाल्या होत्या, ‘ताई, नाकात दोन थेंब तेल सोडते आन फुंकर मारते, लगेच सुटतंय.’ नवरोबांनी मात्र खास आयटीवाल्या स्टाईलने प्रॉब्लेम सोडवायला घेतला. डिसेंबरची थंडी, कोथरूडचे रिकामे रस्ते. मफलर गुंडाळून गाडी काढली आणि रात्रभर उघड्या असणाऱ्या एका मेडिकलमधून दहा मिनिटांत ड्रॉप्स घेऊन हजर. ‘नाक बंद आहे म्हणालो, हे दिलं त्यांनी.’

मास कॉमच्या वर्गात आमचे सर एकच वाक्य घोकून घ्यायचे, ‘सोर्स दोनदा तपासा.’ तेव्हा जाम कंटाळा यायचा. त्या रात्री सवयीने बाटली दिव्याखाली धरली आणि बारीक अक्षरं वाचली. झायलोमेटाझोलिन. लसीकरणाच्या फाईलमध्ये आमच्या डॉक्टर मॅडमनी दिलेला एक कागद होता. दीड महिन्याच्या लशींच्या वेळी दिलेला, मी न वाचताच फाईलला लावलेला! त्यावर लिहिलं होतं, ‘सर्दी: फक्त सलाईन ड्रॉप्स. नाक मोकळं करणारे औषधी ड्रॉप्स मला विचारल्याशिवाय नाही.’

दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच. दोन्हींवर नाकाचं चित्र. पण एकीत असतं नुसतं मिठाचं पाणी आणि दुसरीत असतं नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करणारं औषध. मोठ्यांचं नाक त्याने पटकन मोकळं होतं. तान्ह्या बाळाच्या अंगात मात्र ते जास्त मुरलं तर बाळ सुस्तावतं, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. मेडिकलवाल्याचं म्हणावं तर चुकलं काय? बाळ किती महिन्यांचं ते त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही! मी बाटली बाजूला ठेवली. हात थोडे कापत होते, खोटं कशाला बोलू? नवरोबा काही न बोलता पुन्हा मफलर गुंडाळून निघाले.

आता ती पंधरा मिनिटं. बाळ खांद्यावर उभं धरलेलं, सासूबाई शेजारी बसलेल्या, आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न: हे नुसतं नाक आहे की छातीत काही आहे? आत्ता हॉस्पिटल गाठायचं की थांबायचं?

इथे मला आठवली एक आशाताई. काही वर्षांपूर्वी एका स्टोरीसाठी मी भोर तालुक्यातल्या एका गावात गेले होते. आशाताई एका झोपडीवजा घरात शिरल्या, बाळाचं झबलं वर केलं, घड्याळ हातात धरलं आणि गप्प बसल्या. मला वाटलं, कुणाची वाट बघतायत की काय! नंतर म्हणाल्या, ‘श्वास मोजत होते. पूर्ण एक मिनिट मोजायचा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही करायचं, लहान बाळाचा श्वास कमीजास्त होतो.’ माझ्या त्या स्टोरीत हे वाक्य आलंसुद्धा नाही. जागा कमी पडली म्हणून मीच कापलं होतं.

तर मी मोबाईलचा स्टॉपवॉच लावला. चिरंजीव रडून रडून पेंगले होते, ते बरंच झालं, कारण रडताना मोजून उपयोग नसतो. पोट एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास. मिनिटाला ४४. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त असेल, तर तो जलद. म्हणजे आम्ही रेषेच्या अलीकडे होतो. मग बरगड्यांखाली बघितलं. श्वास घेताना तिथली जागा आत ओढली जाते का? नाही. ओठ गुलाबी. काखेत थर्मामीटर लावला, ताप नाही. सासूबाई इतका वेळ बघत होत्या. हळूच म्हणाल्या, ‘हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं गं.’

तेवढ्यात सलाईन आलं. किंमत म्हणाल तर आपल्या एका कॅपुचिनोपेक्षा कमी! बाळाला मांडीवर उताणं घेतलं, मान किंचित मागे. एकेका नाकपुडीत दोन-दोन थेंब. मग एक मिनिट काहीच करायचं नाही. हे सगळ्यात अवघड असतं, कारण बाळ घर डोक्यावर घेतं. पण त्या मिनिटात आतला घट्ट शेंबूड पातळ होतो, निम्म्या वेळा एक शिंक येते आणि काम फत्ते. आमचं निम्मंच झालं. मग बाळंतविड्यात आलेला आणि कपाटात पडून असलेला रबरी बल्ब काढला. आधी बाहेरच दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी ठेवायचं, आत खुपसायचं नाही, आणि हळूहळू बोटं सैल करायची. पच्च! माफ करा, जेवताना वाचत असाल तर. पण त्या रात्री त्या आवाजाइतकं गोड संगीत नव्हतं. दहा मिनिटांनी चिरंजीव घटाघटा दूध प्यायले आणि झोपले. मी झोपले नाही. परत एकदा श्वास मोजला. ४०.

सकाळी मॅडमकडे गेलो. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, ‘साधी सर्दी आहे. व्हायरसची. अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, सात ते दहा दिवस लागतील. अशा सहा-आठ सर्द्या वर्षात होतील, तयारीत राहा.’ मी हळूच विचारलं, एखादं सिरप? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या दोन औषधांचं एकत्र मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने मुलं दगावली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत. ‘बातम्या तुम्हीच लोक छापता ना?’ मॅडम म्हणाल्या. पॉइंट होता!

मग मी घरच्या उपायांची अख्खी यादी त्यांच्यासमोर ठेवली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यामुळे जरा जपून. कापूर? नको. चाटला गेला किंवा त्वचेतून जास्त शोषला गेला तर तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. नाकाखाली चोळायचे बामही दोन वर्षांपर्यंत नकोत. नाकात तेल? मुळीच नको. ते नाकातून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो आणि तो लवकर बरा होत नाही. ओव्या-लसणाची धुरी? धूर तो धूरच, उदबत्तीचा असो की सिगारेटचा. सुजलेल्या नाकाला आणखी त्रास. मध? वर्षाच्या आत थेंबभरही नाही. वाफेचं पातेलं? भाजण्याचा धोका. त्यापेक्षा बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावायचं आणि बाळाला घेऊन दहा मिनिटं नुसतं बसायचं, पाण्यापासून लांब.

सासूबाईंचा चेहरा उतरत चालला होता. ते मॅडमच्याही लक्षात आलं असावं. त्या त्यांच्याकडे वळल्या. ‘आजी, अंगाला कोमट तेलाचं हलकं मालीश चालेल हं, नुसत्या तेलाचं. बाळाला उभं धरून फिरवायला तुमच्यासारखं कुणी नाही. आणि दूध थोडं थोडं, पण सारखं पाजायला लावा सूनबाईला. तेच खरं औषध आहे.’ सासूबाई सरसावून बसल्या!

मला वाटतं, आपल्या पिढीची इथेच गडबड होते. आपण एक तर आजीबाईचा बटवा अख्खा घेतो, नाहीतर अख्खा फेकून देतो. त्या बटव्यातलं निम्मं सोनं आहे: मांडी, ऊब, तेलाचा हात, रात्रभर न कंटाळता फिरवणं. हे कुठल्याही ॲपमध्ये नाही. आणि निम्मं बदलायची वेळ झालीये. पण ते बदलताना समोर बसलेल्या बाईने याच बटव्यावर तीन मुलं वाढवली आहेत, हे विसरलो की घरात सर्दीपेक्षा मोठं काहीतरी चोंदतं.

तो आठवडा आम्ही दोघींनी शिफ्ट लावून काढला. रात्री दोनपर्यंत मी, दोननंतर त्या. थेंब कायम दूध पाजण्याआधी, कारण नंतर घातले तर उलटी होते, हे आता त्या मला सांगतात! नवव्या दिवशी घर्रर्र थांबलं. मालीशवाल्या मावशींनी सवयीने तेलाची वाटी नाकाकडे नेली, तर आतून आवाज आला, ‘नाकात नाही हं! छातीत जातं ते.’

आणि कापराची डबी? ती पाळण्याजवळून परत देवघरात गेली. सासूबाईंनी स्वतः नेऊन ठेवली. म्हणाल्या, ‘आरतीला लागतो.’

हे फ्रिजवर लावा!

• मेडिकलमध्ये आधी बाळाचं वय सांगा. ‘सलाईन ड्रॉप्स’ असंच मागा. घटकांत सोडियम क्लोराईड, म्हणजे मीठ असलं पाहिजे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन दिसलं तर परत करा.

• दूध पाजण्याआधी आणि झोपण्याआधी दोन-दोन थेंब. बल्ब दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, नाहीतर नाक आतून आणखी सुजतं. वापरल्यावर दर वेळी गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि वाळवा.

• नाक चोंदलं तरी झोपवायचं पाठीवर आणि सपाटच. डोक्याखाली उशी नको. जागं असताना उभं धरा.

• घरात कुणाला सर्दी असेल तर आधी हात धुवा, मग बाळाला घ्या. पापे नंतर!

• लगेच डॉक्टर गाठा: तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, श्वास जलद, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं किंवा कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर, दूध घेणं निम्म्यावर, लंगोट नेहमीपेक्षा बरेच कमी ओले होणं, बाळ उठवूनही नीट जागं न होणं. यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि गाडी सुरू.