'मला देव भेटला तर…' : एका वहीतला प्रश्न



'मला देव भेटला तर…' हा विषय आपण सगळ्यांनी कधी ना कधी वर्गात दिलेला आहे. कल्पनाप्रधान निबंधांच्या यादीत 'सूर्य उगवला नाही तर' आणि 'पाऊस पडला नाही तर' यांच्या शेजारी तो असतोच. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी तो नववीला दिला. निबंध ठरलेले येतात. देव स्वप्नात येतो, 'वर माग' म्हणतो, मूल गरिबी, प्रदूषण आणि भ्रष्टाचार दूर करायला सांगतं, तेवढ्यात आई हाक मारते आणि जाग येते. ८ पैकी ६ किंवा ७ गुण देऊन आपण पुढची वही ओढतो.

एका मुलीच्या वहीत मात्र स्वप्नही नव्हतं आणि वरही नव्हता. दहा-बारा ओळीच होत्या. तिने लिहिलं होतं, देव भेटला तर मी एकच विचारणार. सहलीच्या दिवशी माझी संकष्टी मोडली म्हणून तू आज्जीला नेलंस का?

मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. 'आज्जी'खाली लाल रेघ मारून 'आजी' केलं. शेवटी 'निबंध अपुरा, विषय विस्ताराने मांडावा' असा शेरा दिला आणि ८ पैकी ४ गुण टाकले. रात्री जेवायला बसलो तेव्हा ती ओळ पुन्हा आठवली. चौदा वर्षांची पोर आजीच्या मरणाचा दोष स्वतःवर घेऊन वर्गात बसतेय, आणि मी तिचा 'ज' मोजत होतो.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. माणसं देवावर विश्वास का ठेवतात? धर्माने सांगितलेलं का पाळतात? आणि मुलांनी हे विचारलं तर आपण काय करायचं? देव आहे की नाही याचा निकाल मी लावणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट आता पक्की वाटते. ज्या श्रद्धेला प्रश्न विचारायची मुभा नसते, ती मुलाच्या मनात बघता बघता भीती होऊन बसते. आणि ती भीती घालवायचं काम मोठ्यांचं आहे.

विश्वास येतो कुठून?

पहिलं उत्तर सोपं आहे. तो घरातून येतो, मातृभाषेसारखा. पंढरपुरातलं मूल विठ्ठलापुढे हात जोडतं, वसईतलं एखादं चर्चमध्ये गुडघे टेकतं, मिरजेतलं एखादं दर्ग्यावर जातं, नागपुरातलं एखादं बुद्धवंदना म्हणतं. यातल्या कुणीही सगळे धर्म तपासून एक निवडलेला नसतो. या चार पोरांची पाळण्यातच अदलाबदल झाली असती, तर चौघांनीही तितक्याच मनापासून वेगळीच प्रार्थना म्हटली असती. यात कमीपणा काही नाही. पण 'आमचंच खरं' म्हणून दुसऱ्याशी भांडण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

दुसरं उत्तर अनिश्चिततेत आहे. मॅलिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले लोक दोन ठिकाणी मासे धरायचे. बेटाजवळच्या शांत, उथळ पाण्यात धोका नव्हता आणि मासे हमखास मिळायचे. तिथे ते कसलाही मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात जिवाचा भरवसा नव्हता, मासे मिळतील की नाही याचाही नव्हता. तिथे जाण्याआधी मात्र विधींची रीतसर तयारी व्हायची. म्हणजे कसबावर भागतं तिथे माणूस कसब वापरतो, आणि कसब संपतं तिथे हात जोडतो. आपल्याकडे वेगळं काय आहे? दहावीच्या पेपरला हुशार पोरगंही प्रश्नपत्रिका कपाळाला लावतं. पावसाच्या भरवशावर पेरणी करणारा शेतकरी आधी नारळ फोडतो. सगळं आपल्या हातात नसतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तिसरं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की पहिलीमुळे दुसरी घडली, असं आपलं मन लगेच ठरवतं. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कबुतर काय करतंय याच्याशी काही संबंध न ठेवता, ठरावीक वेळाने त्याच्यापुढे दाणे येत होते. तरी ८ पैकी ६ कबुतरांना चमत्कारिक सवयी लागल्या. एक गोल गोल फिरायला लागलं, एक सारखं डोकं झुलवायला लागलं. दाणे आले तेव्हा जी हालचाल चालू होती, ती ती पुन्हा पुन्हा करत राहिली. जणू फिरल्यामुळेच दाणे येतात! मुलांना हे सांगितलं की ती पोट धरून हसतात. मग विचारावं, 'परीक्षेला तोच जुना पेन कोण कोण नेतं?' निम्म्या वर्गाचे हात वर होतात.

त्या मुलीचंही हेच झालं होतं. संकष्टी मोडली आणि दहाव्या दिवशी आजी गेली. दोन गोष्टी पाठोपाठ आल्या आणि मनाने गाठ मारली. फरक एवढाच, की कबुतराला त्या गाठीचं दुःख होत नाही.

चौथं उत्तर आधाराचं. आषाढी वारीत आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसाला 'देव सिद्ध करून दाखव' म्हणणं मला तरी जमणार नाही. त्याला त्या वाटेवर सोबत मिळते, एकमेकांच्या पाया पडताना वय आणि पैसा बाजूला पडतो, घरचं दुःख थोडं हलकं होतं. दुःखात माणूस एकटा पडू नये, ही धर्माची मोठी कमाई आहे. ज्याला देव मान्य नाही त्यानेही ती मान्य करावी.

शिकवण पाळायची ती कशावरून?

आमच्या पालक सभेत एक गृहस्थ म्हणाले, 'सर, देवाची भीती आहे म्हणून पोरं ताळ्यावर आहेत. ती गेली तर वाया जातील.' हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. बऱ्याच घरांत चांगलं वळण देवाच्या नावानेच लागलेलं असतं. पण भीतीने लागलेलं वळण सीसीटीव्हीसारखं असतं. कॅमेरा बंद आहे हे कळलं की संपलं. 'चोरी करू नकोस, देव बघतोय' यापेक्षा 'चोरी करू नकोस, ज्याचं गेलं तो रात्री उपाशी झोपेल' हे मुलाला जास्त दिवस पुरतं.

आणि धर्म सांगतो म्हणून पाळायचं, तर नेमकं कुणाचं ऐकायचं? पंढरपूरचंच उदाहरण घ्या. विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये तिथे उपोषण केलं आणि मंदिराचं दार उघडलं. गुरुजी नास्तिक नव्हते, देव मानणारे होते. दार अडवून धरणारेही देव मानणारेच होते आणि तेही धर्माचाच आधार देत होते. विठ्ठल तोच, धर्म तोच. मग गुरुजींचं बरोबर हे आपल्याला कळतं कशावरून? माणूस म्हणून आपल्याला जी बरं-वाईट ओळखायची बुद्धी आहे, तिच्यावरून. म्हणजे धर्माची शिकवणसुद्धा शेवटी आपण आपल्या विवेकाच्या चाळणीतून गाळूनच घेतो. फक्त ते कबूल करत नाही.

आपल्या मातीत ही चाळणी नवी नाही. जोतीराव फुले निर्मिकाला मानत होते, पण त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको म्हणत होते. १८७३ साली काढलेल्या समाजाचं नावच त्यांनी सत्यशोधक ठेवलं. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्नामागून प्रश्न विचारत, आणि 'कर्ज काढून सण करू नका, देवाला बोकड कापू नका' हे उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. आगरकर तर बुद्धीच्या कसोटीला न उतरणारं काहीच मानायला तयार नव्हते. तिघांचे देवाबद्दलचे विचार एक नव्हते. प्रश्न विचारायची सवय मात्र तिघांना होती. ती सवय कधी कधी फार महाग पडते, हेही आपण पाहिलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपला विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे असं सांगत राहिले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

मग वर्गात काय करायचं?

शिक्षक म्हणून आपली जागा काय, हे राज्यघटनेत स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे कलम २८. प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य, हे कलम २५. आणि वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासू वृत्ती वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य, हे कलम ५१-क. तिन्ही एकत्र वाचली तर अर्थ एवढाच, की मुलाला आस्तिक करणं आपलं काम नाही आणि नास्तिक करणंही नाही. विचार करायला शिकवणं मात्र आहे.

मी आता मुलांचे प्रश्न तीन टोपल्यांत टाकतो. पहिली टोपली तपासून बघता येणाऱ्या प्रश्नांची. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, आठवतं? मी तेव्हा डी.एड. करत होतो आणि चमचा घेऊन मीही रांगेत उभा होतो. दूध चमच्यातून ओढलं जातं ते पृष्ठताणामुळे, आणि मग ते मूर्तीवरून पातळ थरात ओघळून जातं. रंग घातलेलं दूध वापरलं की ओघळ दिसतो. हे वर्गात पाच मिनिटांत करून दाखवता येतं. दुसरी टोपली वागणुकीच्या प्रश्नांची. हे पाळल्याने कुणाचं भलं होतं, कुणाला त्रास होतो, कुणाचा अपमान होतो, ते मुलांनीच बोलावं. तिसरी टोपली म्हणजे देव आहे का, मेल्यावर काय होतं, असे प्रश्न. तिथे मी सरळ सांगतो, 'बाळांनो, यावर मोठमोठी माणसं हजारो वर्षं वाद घालतायत. मलाही पक्कं माहीत नाही. तुम्ही मोठे व्हा, वाचा आणि ठरवा.' 'मला माहीत नाही' असं म्हटल्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझे एक सहकारी म्हणाले, 'कशाला एवढं? सगळं थोतांड आहे म्हणून सांगून टाका.' तसं सांगितलं असतं तर त्या मुलीने पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. तिच्या आजीचा देव्हारा तिच्यासाठी थोतांड नव्हता, आजीची आठवण होती.

त्या मुलीचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात बोलावलं.

'आजी कधीपासून आजारी होत्या गं?'

'दिवाळीपासून, सर. एक बाजू लुळी पडली होती.'

'आणि तू संकष्टी कधी धरलीस?'

'त्याच्यानंतर. तिला बरं वाटावं म्हणून अकरा करणार होते. तिसरी मोडली.'

'म्हणजे दुखणं आधीचं आणि उपवास नंतरचा. बरं, सहलीत वडापाव कुणी दिला तुला?'

ती घुटमळली. 'तुम्हीच वाटत होता, सर.'

'मग तुझ्या हिशोबाने पाप माझंही.'

'तुम्हाला कुठं ठाऊक होतं माझा उपास आहे ते!'

'तुला तरी खाताना आठवण होती?'

'नाही. खाऊन झाल्यावर आठवलं.'

'मला तू एका झटक्यात माफ केलंस. तुझ्या आजीचा गणपती तुझ्याएवढाही समजूतदार नसेल का?'

ती रडली. बराच वेळ रडली. मग तोंड धुऊन वर्गात गेली. ती पुढे उपवास करते की नाही, मी विचारलेलं नाही. तो तिचा प्रश्न आहे.

पालकहो, एकच विनंती. मुलाने 'देव असं का करतो?' म्हणून विचारलं तर 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. त्या प्रश्नामागे काय दुखतंय ते आधी विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, हा निबंध यंदाही द्या, जरूर द्या. फक्त लाल पेन उघडण्याआधी एकदा नुसता वाचा. मी त्या वहीतला माझा शेरा खोडला आणि 'आज्जी'वरची दुरुस्तीही खोडली. तिच्या घरात ती आज्जीच होती.