दुरुस्ती हवी, हुकूम नको

मक्तेदाराकडे संशयाने पाहणे ही समाजवादी चळवळीची जुनी आणि योग्य सवय आहे. परंतु संशयाला विवेकाची जोड नसेल, तर त्याची किंमत मक्तेदार देत नाही, आपणच देतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालणाऱ्या संगणकात ‘कंपनीची लुडबूड नको’ म्हणून अपडेट कायमचे बंद करून ठेवणारे सुजाण कार्यकर्ते आपल्यात आहेत. त्यांचा राग रास्त आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घातक आहे.

राग रास्त का, हे आधी पाहू. २०१५ साली विंडोज १० आणताना कंपनीने घरगुती ग्राहकाचा अपडेट नाकारण्याचा अधिकारच जवळजवळ काढून घेतला. २०१६ मध्ये, नव्या आवृत्तीची सूचना ग्राहकाने फुली दाबून बंद केली, तर तीच त्याची संमती मानली गेली. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने काही ग्राहकांची कागदपत्रेच पुसून टाकली आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल थांबली. त्याची जागा घेणारे विंडोज ११ मात्र २०१८ पूर्वीच्या बहुतेक संगणकांना अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे शाळेतले वा युनियनच्या कचेरीतले धडधाकट यंत्र एका हुकमासरशी निकामी ठरले. ज्या गाठोड्यातून सुरक्षेची दुरुस्ती येते, त्याच गाठोड्यातून न मागितलेल्या सोयी आणि जाहिरातीही येतात. असा व्यवहार करणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील?

आता दुसरी बाजू. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेला ठाऊक होते. स्वतःच्या वापरासाठी तिने ते लपवून ठेवले होते. पण मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते बुडाले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या. हेरांच्या आणि कंपनीच्या पापाची शिक्षा रुग्णांनी भोगली. दुरुस्ती जाहीर झाली की चोरांनाही भिंतीतील भगदाड नेमके कोठे आहे ते कळते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. दुरुस्ती नाकारणारा त्या दिवसापासून अधिकच उघडा पडतो.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमध्येच विष कालवले गेले. ‘नॉटपेट्या’ नावाचे ते विष मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेतून थेट आपल्या न्हावाशेवापर्यंत पोहोचले आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तेव्हा अपडेटची भीती निराधार नाही. परंतु पसरताना या विषानेही तेच जुने, न बुजवलेले भगदाड वापरले होते.

म्हणून व्यवहारात मार्ग एकच. सुरक्षेच्या दुरुस्त्या विनाविलंब घ्याव्यात; नव्या आवृत्त्या मात्र इतरांचा अनुभव पाहून, जमेल तितक्या लांबवाव्यात. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी. रोजचे काम सर्वाधिकारी खात्यातून करू नये. ज्या यंत्राची देखभाल संपली आहे, त्यावर लिनक्स घालावे. ते शक्य नसेल, तर त्याला इंटरनेटपासून तोडावे.

पण ही झाली व्यक्तीची दक्षता. मूळ प्रश्न राजकीय आहे : देखभाल कोणाच्या हाती? १९७८ साली परकीय भांडवलावरील ४० टक्क्यांची मर्यादा स्वीकारण्याऐवजी आयबीएमने भारत सोडला. तेव्हाचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या ठामपणाची आठवण आपण अभिमानाने काढतो, पण त्या कथेचा उत्तरार्ध विसरतो. आयबीएम गेली तरी तिची येथील यंत्रे चालत राहिली, कारण त्यांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अंगावर घेतली. नकाराच्या मागे पर्याय उभा होता, म्हणूनच त्या नकाराला अर्थ होता. २००१ साली सरकारने याच संस्थेतील निर्णायक हिस्सा टाटा समूहाला विकला, हेही विसरता कामा नये.

पर्याय आजही अशक्य नाही. केरळच्या सरकारी शाळांनी गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर शिक्षण चालवून दाखवले आहे. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवताच विंडोज १० ची एक वर्षाची वाढीव देखभाल तेथील ग्राहकांना मोफत आणि अटी सैल करून मिळाली. इतरत्र त्यासाठी पैसे मोजणे किंवा कंपनीच्या साठवणुकीशी जोडून घेणे, अशा अटी होत्या. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने तर, जेथे तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे सुरक्षेची दुरुस्ती इतर बदलांपासून वेगळी देण्याचे बंधन घातले असून ते डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचे आहे.

आपली मागणी याहून कमी असू नये. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि विनाअट मिळावी. देखभालीची मुदत विक्रीच्या वेळीच छापील स्वरूपात सांगितली जावी. सरकारी पैशातून घेतलेली यंत्रे कंपनीच्या लहरीवर भंगारात जाऊ नयेत, यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मुक्त प्रणालीची सार्वजनिक देखभाल उभी राहावी. हे होईपर्यंत दुरुस्ती जरूर घ्यावी. पण ती कंपनीची मेहेरबानी म्हणून नव्हे, आपण पैसे मोजलेल्या वस्तूवरील आपला हक्क म्हणून.