मोबाईल खिशात जाईल अशी बाग

गेल्या महिन्यातील गोष्ट. संध्याकाळी जवळच्या खेड्यातील एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. ‘शाळेतून आला की डोकं धरून बसतो’ ही तक्रार. डोक्याचा फोटो काढून घ्यावा अशी बाईंची इच्छा होती. मी मुलाला दवाखान्याच्या दारात उभे केले आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलची पाटी वाचायला सांगितली. त्याने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, पण पाटी काही वाचता आली नाही. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले तेव्हा दोन्ही डोळ्यांना उणे तीनचा नंबर निघाला. वर्गातला फळा त्याला बहुधा वर्षभर दिसत नसावा आणि घरात कोणालाच ते कळले नव्हते.

चष्मा लावून मायलेक परत दाखवायला आले. मी नेहमीचा सल्ला दिला, “मोबाईल कमी कर, रोज दोन तास बाहेर खेळायला जा.” त्यावर बाई म्हणाल्या, “डॉक्टर साहेब, बाहेर जा म्हणावं तर लेकरानं जावं कुठं? फाट्यावर नुसत्या गाड्या. शाळा सुटली की फाटकाला कुलूप.”

मी निरुत्तर झालो. ‘बाहेर खेळा’ हा सल्ला मी पंचवीस-तीस वर्षे देत आलो आहे. बाहेर म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमचा देवगाव फाटा म्हणजे रस्त्यांचा तिठा. इथे चहा मिळतो, वाहन मिळते, मोबाईलचे रिचार्ज मिळते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला घटकाभर झाडाखाली बसावेसे वाटले तर मात्र तशी जागा मिळत नाही. म्हणून आजच्या लेखाचा विषय औषध नसून बाग हा आहे.

उजेड हेच औषध

जवळचे दिसते पण लांबचे पुसट दिसते, त्याला आपण उणे नंबर म्हणतो. यात डोळ्याचा गोल पुढून मागे वाजवीपेक्षा लांब वाढलेला असतो. आनुवंशिकता हे एक कारण आहेच. परंतु लहान वयात दिवसाच्या उजेडात फार कमी वेळ जाणे हेही मोठे कारण असल्याचे आता पुष्कळ संशोधनातून दिसून आले आहे. भरपूर उजेड डोळ्याच्या पडद्यावर पडला की तेथे डोपामाइन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते डोळ्याच्या अवास्तव वाढीला लगाम घालते, असे शास्त्रज्ञ मानतात.

चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांमध्ये रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेण्यात आला. तीन वर्षांनी पाहिले तर नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना उणे नंबर लागला होता. जादा तासवाल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळी नाही, थेंब नाही, फक्त चाळीस मिनिटे! तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीमच हाती घेतली.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. पहिला असा की, नंबर लागू नये यासाठी उजेडाचा उपयोग अधिक. एकदा लागलेला नंबर बागेत फिरल्याने उतरत नाही, तेव्हा चष्मा काढून ठेवू नये. दुसरा, उजेड म्हणजे रणरणते ऊन नव्हे. खोलीत दिव्याचा उजेड साधारण शंभर ते पाचशे लक्स असतो, तर दिवसा झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो. म्हणजे मुलाला उन्हात भाजून काढण्याची गरज नाही. झाडाची सावली पुरते.

डोळ्यांखेरीज मानदुखी, रात्री उशिरापर्यंत झोप न येणे, चिडचिड, वाढते वजन या तक्रारी घेऊन येणारी तरुण मुले मी आता रोज पाहतो. लातूर-नांदेडला नीटच्या शिकवणीला गेलेली पोरे सुटीत घरी येतात तेव्हा त्यांची मान म्हाताऱ्यासारखी आखडलेली असते. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी एक तास तरी घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतकऱ्याच्या घरातही आता तेवढी हालचाल होताना दिसत नाही.

स्मार्ट बाग म्हणजे काय?

हल्ली शहरांत ‘स्मार्ट’ बागांची चर्चा असते. मुंबईत मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये झाडीतून जाणारा ४८५ मीटर लांबीचा लाकडी उन्नत मार्ग खुला झाला. वेळ आधी संगणकावरून ठरवायची, पंचवीस रुपये भरायचे, तिकिटाचा कोड दाखवून आत जायचे आणि झाडांच्या शेंड्यांतून चालत पक्षी पाहायचे. गर्दी आवरण्यासाठी येथे तंत्रज्ञानाचा उपयोग केला आहे आणि तो योग्यच आहे. पण अशी वार्ता वाचली की आपल्याकडील पुढाऱ्यांना वाटते, आपणही बागेत वाय-फाय द्यावे, मोठा पडदा लावावा, रंगीत कारंजे करावे, म्हणजे तरुण आपोआप येतील.

येतील, पण टिकतील का? २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ नावाचा मोबाईल खेळ आला. रस्त्यात, बागेत हिंडून पडद्यावरचे प्राणी पकडायचे, असा तो खेळ. जगभरची पोरे घराबाहेर पडली. अमेरिकेतील संशोधकांनी तरुण खेळाडूंची पावले मोजली. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावले वाढली होती. सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ पार नाहीशी झाली. तंत्रज्ञान माणसाला उंबऱ्याबाहेर काढू शकते. बाहेर रमवायला मात्र दुसरे काहीतरी लागते. सावली लागते, सोबती लागतात आणि हाताला काही काम लागते.

उलट बाजूने काही वडीलधारी मंडळी म्हणतात, बागेत मोबाईलला बंदीच करा. मला हेही पटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला मोबाईल बाहेर ठेव म्हटले तर मोबाईलसोबत तोही बाहेरच राहील! मोबाईल घेऊन तो आत यावा, मोबाईलमुळे त्याची नजर झाडाकडे वळावी आणि मग मोबाईल खिशात जावा. माझ्या मते बागेतील तंत्रज्ञानाची कसोटी हीच.

आपल्या भागाला परवडेल असे

परभणी जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात हिरवळीचे गालिचे हा पाण्याचा अपव्यय आहे. आपल्या बागेतील पहिले तंत्रज्ञान म्हणजे ठिबक. ते आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, बहावा, पळस, बेल, आवळा, सीताफळ अशी या मातीतली झाडे दोन-तीन उन्हाळे ठिबकवर जगवली की पुढे ती आपली आपण तग धरतात.

दुसरे, झाडांच्या पाट्या. पानटपरीवर पैसे देताना आपण जो चौकोनी कोड स्कॅन करतो तसा कोड प्रत्येक झाडावर लावावा. मात्र खिळा ठोकू नये, सैल दोरीने बांधावा. कोड स्कॅन केला की त्या झाडाची माहिती गावातल्याच आजोबांच्या किंवा आजीच्या आवाजात ऐकू यावी. पळसाच्या पत्रावळी कशा लावत, करंजाच्या तेलाचा दिवा कसा लावत, हे सांगणारी माणसे अजून आहेत. हे आवाज मुद्रित करण्याचे काम दहावीच्या मुलांना द्यावे. मोबाईल त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो.

तिसरे, पक्षी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ‘मर्लिन’ नावाचे एक ॲप फुकट उपलब्ध करून दिले आहे. पक्ष्याचा आवाज ऐकवला की ते नाव सुचवते, आणि भारतातील पक्ष्यांची माहिती एकदा उतरवून घेतली की रेंज नसतानाही चालते. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात. आपल्या मुलांनी कोतवाल, बुलबुल, तांबट मोजून ती नोंद पाठवली तर फाट्याचे नाव जगाच्या यादीत जाईल.

चौथे, पर्जन्यमापक आणि तापमापक. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. मग बागेतला पाऊस रोज सकाळी आठ-साडेआठला मुलांनीच मोजून फळ्यावर लिहावा. सरकारी दप्तरात त्याला किंमत नसेल, पण बाप पोराला विचारील, “काल किती झाला रे?” अशा प्रश्नाने मूल आभाळाकडे बघू लागते.

पाचवे, सौरदिवे. ते रात्री नऊ-साडेनऊला आपोआप विझतील असे बसवावेत. माणसाप्रमाणे पाखरांनाही अंधार लागतो.

डॉक्टर म्हणून काही सूचना

बागेत पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, लावू नये. फुले छान दिसतात, पण बी विषारी असते आणि लहान मुले ती तोंडात घालतात. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटावे, हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते, दमाही वाढतो. कारंजी टाळावीत. ती बंद पडतात, पाणी साचते आणि आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणीही आठवड्यातून एकदा ओतून भांडे घासावे. गवत कापलेले ठेवावे आणि अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय फिरू नये. साप चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. उन्हाळ्यात सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतरच मुलांना सोडावे.

आणखी एक. एका गावात मी उघड्यावरील व्यायामशाळा पाहिली. लोखंडी साहित्य चकचकीत, पण आजूबाजूला एकही झाड नाही. मे महिन्यात त्या दांड्याला हात लावला तर चटका बसतो. वर्षभरातच त्यावर कपडे वाळत होते. आधी झाडे लावून सावली येऊ द्यावी आणि मग लोखंड आणावे.

कुलूप उघडा

जागा कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. मुंबईत धारावीजवळ मिठी नदीच्या काठी एके काळी शहराचा कचरा टाकत. त्याच जागेवर सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. कचऱ्यावर जर जंगल उगवते, तर आपल्या काळ्या मातीत का नाही?

आणि खरे तर नवी जागाही लागत नाही. गावोगावच्या शाळांना आवार आहे, काही झाडेही आहेत. शाळा सुटल्यावर त्याला कुलूप लागते. नासधूस होईल, दारूच्या बाटल्या पडतील ही शिक्षकांची भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात फाटक उघडे ठेवावे आणि गावातील निवृत्त मंडळींनी पाळीपाळीने तेथे बसावे. त्यांचेही फिरणे होईल.

याचा सर्वांत मोठा लाभ मुलींना होईल. मुलगे निदान पारावर, टपरीवर तरी दिसतात. सातवी-आठवीनंतरच्या मुली शाळा आणि घर एवढ्याच वाटेने जातात. रक्त कमी, हाडे दुखतात, चक्कर येते म्हणून त्याच माझ्याकडे जास्त येतात. चार वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोर, उजेडात, जवळ स्वच्छतागृह असलेली जागा मिळाली तर आई-वडील मुलींना नाही म्हणणार नाहीत. गोळ्या मी देईनच, पण गोळ्यांनी सगळे होत नाही.

वाचकहो, तुमच्या गावच्या येत्या ग्रामसभेत एकच विषय मांडा. शाळेचे आवार संध्याकाळी दोन तास उघडे ठेवा आणि त्यात वीस झाडे ठिबकवर लावा. कोड, ॲप, पर्जन्यमापक हे मागाहून आपली मुलेच आणतील. त्या बाईंच्या मुलाचा नंबर आता जाणार नाही. पण त्याची धाकटी बहीण यंदा पहिलीत गेली आहे. तिच्यासाठी अजून वेळ आहे.