जिवाणी कुठे सोडायची?



गेल्या चातुर्मासात आमच्या घरी चौका लावायचं ठरलं. महाराजांच्या आहाराला नळाचं पाणी चालत नाही, विहिरीचं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही कोल्हापूरच्या उपनगरात फ्लॅटमध्ये राहतो. कॉलनीत बोअर आहे, विहीर नाही. म्हणून चुलत सासूबाईंच्या रंकाळ्याच्या अंगाच्या जुन्या वाड्यात गेलो. तिथली विहीर त्यांच्या तरुणपणी सगळ्या गल्लीला पाणी पाजायची.

बादली वर आली आणि गटाराचा वास आला. वर तेलकट तवंग. सासूबाई म्हणाल्या, "तळ्याचं पाणी चांगलं होतं तोवर विहीर चांगली होती. तळं नासलं, विहीर नासली."

मग रोज पहाटे गाडी काढून गावाकडच्या विहिरीवर जायचं, तिथंच पाणी गाळायचं, तळाला कडी असलेल्या बादलीनं जिवाणी अलगद पाण्यात सोडायची आणि कळशा घेऊन यायचं. घरी मुहूर्ताभरानं पुन्हा गाळलं की पुन्हा जिवाणी. ती जपून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीत नेऊन सोडायची. शेजारणीनं विचारलं, "चार थेंबांसाठी एवढं? गच्चीवरच्या टाकीत सोडा की." मी तिला समजावून सांगितलं, की ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात गेले पाहिजेत, दुसऱ्या पाण्यात ते मरतात.

सांगताना माझीच जीभ अडखळली. कारण ज्या फ्लॅटच्या दारात उभी राहून मी हे सांगत होते, तो पूर्वीच्या ओढ्यावर उभा आहे.

कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. कपिलतीर्थ बुजवलं, आज तिथं आपण भाजी घेतो. वरुणतीर्थ बुजवलं, त्याचं गांधी मैदान झालं. दर पावसाळ्यात त्या मैदानात पाणी साचतं आणि आपण महापालिकेला नावं ठेवतो. पाणी मात्र आपली जुनी जागा विसरलेलं नाही. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पाणी कळंब्यात साठायचं, उरलेलं शहरातून पंचगंगेला जायचं. जयंती आणि गोमती या नद्या होत्या. आज आपल्या तोंडी 'जयंती नाला' आहे. नदीला नाला म्हटलं की त्यात मैला सोडायला मन धजावतं.

हे कसं घडतं ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. तळ्याभोवतालची पाणथळ जमीन म्हणजे गाळणं. लव्हाळी, गवत, चिखल यांतून पाणी सावकाश झिरपतं, गाळ मागं राहतो, विहिरींना पाझर लागतो. शहर वाढलं की आधी याच जमिनीवर मुरूम पडतो, कारण ती स्वस्त असते. वर सिमेंट येतं. मग पाऊस मुरत नाही, धावत सुटतो. गाळणं फाडून टाकल्यावर भांड्यात काय येणार? शाम सोसायटीच्या नाल्यातून, परताळ्याच्या बाजूनं रंकाळ्यात सांडपाणी वर्षानुवर्षं येत राहिलं. मैल्यानं आणि साबणानं शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो. रंकाळ्यात, कोटीतीर्थात मेलेले मासे तरंगताना आपण पाहिले आहेत. ते तर पंचेंद्रिय जीव. आपण सूक्ष्म जिवांसाठी दुहेरी कापड वापरतो आणि माशांच्या थराकडे नाकाला पदर लावून बघतो.

आणि हे पाणी इथं थांबत नाही. पंचगंगा इचलकरंजीवरून शिरोळ तालुक्यात जाते, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्या काठावर आपलीच किती माहेरं आहेत! 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं गेली. आपण वर सोडलेलं आपल्याच बहिणींच्या हंड्यात जातं.

आता कटू बोलते, रागावलात तरी चालेल.

श्रावकानं कोणते धंदे करू नयेत, याची पंधरा कर्मादानांची यादी आपल्या पाठशाळेत शिकवतात. त्यात 'सरःशोष' आहे. तळी, सरोवरं आटवणं. पंडित आशाधरजींच्या सागार धर्मामृतात आहे, श्वेतांबर परंपरेतही आहे. कांदा-लसूण कुणी खाल्लं तर आपल्याला लगेच कळतं. सरःशोष करणाऱ्याला मात्र आपण हार घालतो. पाणथळ जागेत प्लॉट पाडणारे पंचकल्याणकात बोली बोलतात तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असते.

"आम्ही कुठं तळं बुजवलं, आम्ही तर तयार घर घेतलं," असं म्हणू नका. कृत, कारित, अनुमोदित ही तीन दारं आपल्याला लहानपणीच शिकवली आहेत. विकत घेणारी मी नसते, तर मुरमाचा पहिला ट्रक आलाच नसता.

"व्यवहार पुरुष बघतात," असंही म्हणू नका. 2021 पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. म्हणून आमच्या दस्तावर सही माझी आहे. सवलत माझ्या नावावर घेतली, मग कर्म कुणाच्या नावावर जाईल?

"तळं घाणच होतं, डास होते, बुजवलं ते बरं," हे तर सगळ्यात वाईट. आजारी सासूला घराबाहेर काढून घर स्वच्छ झालं म्हणण्यासारखं आहे. तळं घाण कुणी केलं ते आधी विचारा.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेची पातळी 55 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 43 आहे. पाऊस अफाट होता, मान्य. पण पाण्याला पसरायला जी जागा होती तिथं आपले बंगले होते. तेव्हा आपल्याच बायकांनी बस्तीत हजारो पोळ्या लाटल्या, मीही लाटल्या. सेवा केली, पुण्य मिळालं म्हणालो. दोन वर्षांनी, 2021 मध्ये पुन्हा पूर, पुन्हा पोळ्या. पूररेषेच्या आत भराव टाकू नका, असं मात्र आपल्यापैकी एकीनंही भर सभेत म्हटलं नाही.

आता म्हणायची वेळ आली आहे. आमच्या मंडळाला नव्या सभागृहासाठी एका दानशूर गृहस्थांनी जागा देऊ केली आहे. मी बघून आले. लव्हाळी आहे, बगळे आहेत, चपलेला चिखल लागला. भराव टाकू, दोन महिन्यांत जागा कोरडी होईल, असं सांगितलं जातं. त्या सभागृहात आपण अहिंसेवर प्रवचन ऐकणार. मी सभेत उठून नको म्हणणार आहे. मला सांगितलं गेलं, दान नाकारणं म्हणजे अंतराय कर्म. मी विचारते, त्या चिखलातल्या जिवांच्या जगण्यात आपण घालतो तो अंतराय कुठं मोजायचा?

तुम्हाला एवढीच विनंती. घर घेण्याआधी गावाचा जुना नकाशा मागा, ओढा कुठून जात होता ते विचारा, पूररेषा बघा. राहत्या इमारतीचं सांडपाणी नक्की कुठं जातं, हे सोसायटीच्या सभेत विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. मी आमच्या सोसायटीत विचारलं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी पाइपच्या मागोमाग चालत गेले. तो त्या ओढ्याच्या उरलेल्या तुकड्यात उतरतो. आता मैलाशुद्धीकरणासाठी पैसे काढायला लावते आहे. दोन घरांनी बोलणं सोडलं आहे.

क्षमावाणीला आपण साऱ्या जिवांची क्षमा मागतो. यंदा चौका लागला, तर जिवाणी सोडायला मी पुन्हा पहाटे त्या गावच्या विहिरीवर जाईन. त्या विहिरीच्या पलीकडच्या शेतातही आता प्लॉटचे दगड रोवले आहेत.